‘मी’ कोणाचा?
सांगितलेल्या आणि लिहून घेतलेल्या आत्मकथनांविषयी

१

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत, प्रार्थनापुस्तक आणि जपमाळ ठेवलेल्या कप्प्यात, एखादी पातळशी पुस्तिका जपून ठेवलेली असते. आजोबांच्या पंचाहत्तरीला छापलेली, निवृत्त शिक्षिकेच्या गौरवार्थ काढलेली, किंवा एखाद्या फादरांच्या गुरुदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध झालेली. मुखपृष्ठावर त्या व्यक्तीचे छायाचित्र, आत ‘माझे बालपण’, ‘माझी नोकरी’, ‘परमेश्वराची कृपा’ अशी प्रकरणे, आणि पहिल्या वाक्यापासून अखेरच्या वाक्यापर्यंत ‘मी’. पुष्कळदा हा ‘मी’ ज्याचा म्हणून छापलेला असतो, त्याच्या हातून त्यातील एकही ओळ उतरलेली नसते. त्याने सांगितलेले असते. लिहिलेले दुसऱ्याच कोणीतरी असते. त्या दुसऱ्याचे नाव कधी आभाराच्या पानावर, तळाशी, असते. कधी कोठेच नसते.

या दुसऱ्या माणसाला मराठीत धड नावही नाही. त्याचे नाव छापले, तर तो ‘शब्दांकनकार’ होतो. न छापले, तर त्याच्यासाठी ‘घोस्ट रायटर’ हा इंग्रजी शब्दच उसना घ्यावा लागतो, आणि त्या शब्दात तर त्याला चक्क भूतच ठरविलेले आहे! सोलापुरात राहून प्रस्तुत लेखकाने काही वर्षे हे काम केले आहे. त्याबद्दल मानधनही घेतले आहे. तेव्हा पुढील विवेचन तटस्थ निरीक्षकाचे नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मराठी समीक्षेने आत्मचरित्राचा विचार पुष्कळ केला आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) या दोन ख्रिस्ती लेखकांच्या पुस्तकांना त्या विचारात मानाचे स्थान आहे. आत्मचरित्राचे मूल्यमापन करताना आपण प्रांजळपणा पाहतो, स्मरणाचा प्रामाणिकपणा पाहतो, भाषेतून प्रकट होणारे व्यक्तिमत्त्व पाहतो. परंतु सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल, तर प्रांजळपणा कोणाचा मोजायचा? भाषेतून प्रकट होणारे व्यक्तिमत्त्व कोणाचे समजायचे? आणि आपल्या दृष्टीने त्याहून गंभीर प्रश्न असा, की दुसऱ्याच्या तोंडी ‘मी’ घालून लिहिणे ही आठव्या आज्ञेने निषिद्ध केलेली खोटी साक्ष ठरते काय?

२

केवळ दुसऱ्यासाठी लिहिणे यात दोष नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपल्या देशाची आणि आपल्या धर्माची परंपरा त्याला साक्षी आहे. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर केलेले निरूपण सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले आणि १२९० साली सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या समाप्तीला या लेखकाचा नामोल्लेख आदराने आला. महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले.

जुन्या करारात यिर्मया संदेष्टा सांगतो आणि बारूख लिहितो. तू हे कसे लिहिलेस, असे अधिकाऱ्यांनी विचारले असता बारूख काही लपवीत नाही. संदेष्टा सांगत गेला आणि मी शाईने लिहीत गेलो, असाच त्याच्या उत्तराचा आशय आहे. यहोयाकीम राजा ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळतो, तेव्हा बारूख पुन्हा बसून सर्व मजकूर लिहितो. याच ग्रंथात पुढे एक लहानसा अध्याय केवळ बारूखासाठी आहे. स्वतःसाठी मोठेपणाची अपेक्षा धरू नकोस, असे त्याला तेथे बजावले आहे. दुसऱ्याचे शब्द लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय टेबलासमोर लावून ठेवावा, असा आहे.

नव्या करारात पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात, निरोपानिरोपीच्या गर्दीत, अचानक एक अनोळखी आवाज ऐकू येतो. हे पत्र लिहून घेणारा तर्तियस स्वतःच्या नावाने वाचकांना प्रभूमध्ये अभिवादन करतो. संपूर्ण पत्रात तो एवढाच एकदा बोलतो. उलट बाजूने पौलही काही पत्रांच्या अखेरीस, हे अभिवादन माझ्या स्वतःच्या हातचे आहे, असे आवर्जून कळवितो. म्हणजे सांगणारा आणि लिहिणारा असे दोघेही पत्रावर आपापली खूण ठेवतात. वाचकाची फसवणूक होत नाही.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. लिहिणारा अदृश्य नाही. तो नम्र आहे, शेवटच्या रांगेत उभा आहे, परंतु उभा आहे. अदृश्य लेखकाची प्रथा ही त्या मानाने अलीकडची. तिच्या मुळाशी नम्रता नसून सोय आहे.

३

सांगितलेल्या आत्मकथनाचा विचार करताना कॅथोलिक वाचकाने ज्या पुस्तकापासून सुरुवात करावी, ते म्हणजे संत इग्नेशियस लोयोला यांचे आत्मकथन. येशूसंघाच्या संस्थापकाने ते स्वतः लिहिले नाही. लुईस गोन्साल्विस दा कामारा या पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरूला त्यांनी ते १५५३ ते १५५५ या काळात, मध्यंतरी दीर्घ खंड पडत, रोममध्ये सांगितले. दा कामाराने या मजकुराला एक प्रस्तावना जोडली आहे. शब्दांकनाच्या कलेविषयी इतकी उपयुक्त पाने क्वचितच सापडतील.

या कथनाचा उगम लक्षणीय आहे. १५५३ च्या ऑगस्टमध्ये दा कामाराने इग्नेशियस यांच्यापाशी आपल्या एका दोषाची कबुली दिली. तो दोष होता पोकळ मोठेपणाची हाव. त्याला धीर देताना इग्नेशियस यांनी याच दोषाशी आपणही कसे झगडलो, ते सांगितले. येरुशलेमला जाण्यासाठी बार्सिलोनाहून निघताना, आपण कोठे निघालो आहोत हे लोकांना सांगण्याचे धाडसही त्यांना होत नसे. कारण त्यातून मोठेपणा मिळेल, ही भीती. जेरोनिमो नादाल आदी सहकारी बऱ्याच दिवसांपासून त्यांच्या जीवनकथेची मागणी करीत होते. या संभाषणानंतर त्याच दिवशी ती सांगण्याचा निश्चय त्यांनी बोलून दाखविला. म्हणजे हे आत्मकथन जन्मले ते कीर्तीच्या इच्छेतून नव्हे, तर एका माणसाने दुसऱ्यापाशी केलेल्या दोषनिवेदनातून.

पद्धतही पाहण्यासारखी आहे. इग्नेशियस येरझाऱ्या घालीत बोलत. दा कामारा ऐकून मनात साठवी, लगेच खोलीत जाऊन टिपणे काढी आणि नंतर त्यांचा विस्तार करून लेखनिकाला सांगे. ऐकलेल्या शब्दांखेरीज आपला शब्द घालायचा नाही, हा त्याचा दंडक. काही शब्दांतले बळ आपल्याला पुरतेपणी उतरविता आले नसेल, अशी खंतही तो व्यक्त करतो. प्रसंगी तो सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहण्यासाठी जवळ सरके, तेव्हा इग्नेशियस त्याला संघाच्या विनयाच्या नियमाची आठवण करून देत. मजकुराचा शेवटचा भाग तर स्पॅनिशमध्ये नसून इटालियनमध्ये आहे. कारण तो जिनोव्हात सांगून लिहविताना स्पॅनिश लेखनिक मिळाला नाही. दा कामाराने हा सांधा झाकला नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या पुस्तकात ‘मी’ नाही. इग्नेशियस यांचा उल्लेख ‘तो’ असा, किंवा ‘यात्रेकरू’ असा येतो. आत्मकथन असूनही ते तृतीय पुरुषात आहे. यामुळे वाचकाला प्रत्येक पानावर कळत राहते, की आपण एका माणसाचे शब्द दुसऱ्या माणसाच्या कानांतून ऐकत आहोत.

तरीसुद्धा या प्रामाणिक पुस्तकात एक पोकळी आहे. प्रस्तावना म्हणते, की इग्नेशियस यांनी तारुण्यातील आपले दोष तपशीलवार आणि स्पष्टपणे सांगितले. मजकुरात मात्र वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंतचे सारे आयुष्य एका वाक्यात उरकले आहे, आणि कथा थेट पाम्प्लोनाच्या लढाईपाशी येते. सांगितलेले ते दोष कोठे गेले? सांगणाऱ्याने ते लिहू नकोस म्हटले, लिहिणाऱ्याने वगळले, की नंतर कोणी काढले? आज कोणालाही खात्रीने उत्तर देता येत नाही. पुढे १५६७ च्या सुमारास फ्रान्सिस बोर्जा यांनी या कथनाच्या प्रती परत मागविल्या. पेद्रो दे रिबादेनेइरा याच्याकडे अधिकृत चरित्राचे काम सोपविले होते. सांगितलेले आत्मकथन बाजूला झाले आणि लिहिलेले चरित्र पुढे आले. मूळ स्पॅनिश-इटालियन मजकूर छापून सर्वांना उपलब्ध झाला तो १९०४ साली. संतांच्या बाबतीतही ‘मी’ इतका नाजूक असतो.

४

दुसरे उदाहरण बाळ येशूच्या संत थेरेसाचे. तिने मात्र स्वतःच्या हाताने लिहिले होते. ३० सप्टेंबर १८९७ रोजी लिझ्यूच्या मठात तिचे निधन झाले आणि वर्षभराने ‘एका आत्म्याची कथा’ प्रसिद्ध झाली. तिच्या वह्यांवर संपादनाचा हात फिरविला तो तिची थोरली बहीण पोलीन, म्हणजे मठातील मदर अॅग्नेस, हिने. मजकूर ठीकठाक करण्याची मोकळीक थेरेसानेच तिला दिली होती. बहिणीच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या पुस्तकामुळेच एक अज्ञात धर्मभगिनी जगाला ठाऊक झाली, १९२५ साली तिला संतपद मिळाले, आणि १९९७ साली ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून तिचा गौरव झाला.

परंतु त्या संपादनात एक गोष्ट घडली. थेरेसाने तीन वेगवेगळ्या व्यक्तींना उद्देशून तीन हस्तलिखिते लिहिली होती. पहिले पोलीनसाठी, दुसरे मारी या दुसऱ्या बहिणीसाठी, तिसरे मदर मारी द गोन्झाग यांच्यासाठी. छापील आवृत्तीत ही तिन्ही मदर गोन्झाग यांनाच लिहिली आहेत, असे भासविले गेले. भाषाही घासूनपुसून घेतली गेली. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी लोकांपुढे आली ती १९५६ साली.

यात समीक्षकाला एक महत्त्वाचा धडा आहे. ‘मी’ हा एकटा कधीच नसतो. तो कोणापुढे तरी बोलत असतो. थोरल्या बहिणीशी बोलणारी थेरेसा आणि मठाच्या श्रेष्ठींशी बोलणारी थेरेसा, यांचे ‘मी’ वेगळे आहेत. एका ‘मी’चे तोंड दुसरीकडे वळविले, की एक शब्दही न बदलता अर्थ बदलतो. आपल्या पुस्तिकांत हे सर्रास घडते. आजी नातीशी जे बोलली, ते समारंभाला जमलेल्या लोकांशी बोलल्यासारखे छापले जाते.

आणखी एक गोष्ट. वह्या शिल्लक होत्या, म्हणून ही चूक दुरुस्त होऊ शकली.

५

मराठीत या प्रकाराचा मानदंड ठरावे असे पुस्तक म्हणजे अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’मध्ये ते १९६६ साली क्रमशः आले आणि १९७० साली पुस्तकरूपाने निघाले. हंसाबाईंनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दांत उतरविले. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी गाजलेले साधू त्या वेळी पंचविशीतले पत्रकार होते. हंसाबाई १९७१ साली वारल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यांच्या कथेवरून ‘भूमिका’ हा चित्रपट केला.

आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांना या पुस्तकातील जीवन पुष्कळ ठिकाणी अस्वस्थ करील. परंतु येथे प्रश्न त्या जीवनाचा नसून त्याच्या कथनाचा आहे. ‘सांगत्ये ऐका’ हे नाव हंसाबाईंच्या १९५९ सालच्या गाजलेल्या चित्रपटाचे. पण पुस्तकाला ते विलक्षण शोभले आहे. ‘सांगत्ये’ या क्रियापदातच बोलणारी स्त्री आहे, आणि ‘ऐका’मध्ये ऐकणारा. पुस्तकाच्या नावातच कबुली आहे, की हे लिहिलेले नव्हे, सांगितलेले आहे.

साधूंचे श्रेय त्यांनी काय लिहिले यापेक्षा काय लिहिले नाही, यात अधिक आहे. या स्त्रीच्या स्खलनांवर एखादे नीतिवाक्य डकविणे, किंवा तिच्या दुःखांवर करुणरसाचा मुलामा देणे, एखाद्या होतकरू कादंबरीकाराला किती सहज जमले असते! तसे होत नाही. निवेदन तुटक आहे, घटना कालक्रमाला न जुमानता येतात, वाक्ये बोलण्याच्या वळणाची आहेत. स्वतःचे दोष सांगताना ती स्त्री स्वतःची वकिली करीत नाही, आणि लिहिणाराही तिच्या वतीने वकीलपत्र घेत नाही. कादंबरीकाराने आपली प्रतिभा बाजूला ठेवून कान पुढे केला, म्हणून ते पुस्तक टिकले.

६

आता आपल्या सोलापूरकडे वळू. या जिल्ह्याने आत्मकथनाच्या संदर्भात दोन टोकांची उदाहरणे दिली आहेत.

पहिले शांताबाई कांबळे यांचे. १९२३ साली महूद या गावी जन्मलेल्या शांताबाईंनी दारिद्र्य आणि अस्पृश्यता सोसून शिक्षण घेतले, शिक्षिका झाल्या, आणि निवृत्तीनंतर स्वतःची कथा लिहिली. ती १९८६ साली पुस्तकरूपाने आली. नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. ज्या बाईने आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकविले, तिला ‘माझ्या जन्माची चित्रकथा’ असे लिहिता येत नव्हते काय? अवश्य येत होते. तरी तिने ‘माज्या’ आणि ‘जल्माची’ हेच शब्द राखले. कारण ते जिणे त्याच शब्दांत जगलेले होते. हे हस्तलिखित आमच्यासारख्या एखाद्या शब्दांकनकाराच्या हाती पडले असते, तर पहिला लाल फराटा या नावावरच ओढला गेला असता!

दुसरे टोक म्हणजे सुशीलकुमार शिंदे यांचे २०२४ साली प्रसिद्ध झालेले ‘फाइव्ह डिकेड्स इन पॉलिटिक्स’. १९४१ साली सोलापुरात जन्मलेला, येथील न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी केलेला मुलगा पुढे पोलीस उपनिरीक्षक झाला, २००३ साली राज्याचा मुख्यमंत्री झाला आणि २०१२ साली देशाचा गृहमंत्री. त्याची ही कथा इंग्रजीत आहे, आणि ती पत्रकार रशीद किडवाई यांना सांगितलेली आहे. पुस्तकावर तसे स्पष्ट नमूद आहे. पाच दशकांचे राजकारण देशभराच्या वाचकांपुढे ठेवायचे, तर इंग्रजीची आणि दिल्लीच्या राजकारणात मुरलेल्या पत्रकाराची मदत घेण्यात वावगे काही नाही. लिहिणाऱ्याचे नाव उघड आहे, ही गोष्ट तर अभिनंदनीयच. परंतु सोलापूरकर वाचकाच्या मनात एक हुरहुर राहते. ज्या गावात एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते, त्या गावातल्या बालपणाचा आवाज इंग्रजी ‘आय’मधून पुरता कसा ऐकू यावा? हा दोष लिहिणाऱ्याचा नव्हे. तो या प्रकाराला जन्मतःच चिकटलेला आहे. भाषा बदलली, की काहीतरी सांडतेच. नाव छापलेले असले, म्हणजे निदान कोठे सांडले असेल, ते वाचकाला कळते.

७

आता स्वतःविषयी.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गिरणी कामगाराच्या आठवणी लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मुलांनी वडिलांच्या पंचाहत्तरीला पुस्तिका काढण्याचे ठरविले होते. मामांनी उमेदीची सारी वर्षे शहरातील एका गिरणीच्या साचेखात्यात काढली होती. घरी तेलुगू, गिरणीत सोलापुरी मराठी आणि मिस्सेला पुस्तकी मराठीतील प्रार्थना, अशा तीन भाषांत त्यांचे आयुष्य विभागले होते. सुमारे दोन महिने, रविवारच्या मिस्सेनंतर, मी त्यांच्यापाशी बसत असे.

ते ‘जाऊलालतो’ म्हणत. मी ‘जात असे’ लिहीत असे. ते म्हणत, भोंगा झाला की पोटात गोळा यायचा; मी लिहिले, ‘गिरणीचा भोंगा माझ्या जीवनाचे संगीत बनला होता.’ त्या वेळी हे वाक्य मला फार आवडले होते.

एक प्रसंग त्यांनी मला तीनदा सांगितला. कधीतरी संप चालू असताना घरात मूल आजारी होते, औषधाला पैसे नव्हते, म्हणून मामा सहा दिवस मागल्या दाराने कामावर गेले. सातव्या दिवशी त्यांना ओळखणाऱ्या कोणीतरी पाहिले. पुढे कोणी मारले नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त साचेखात्यातले दोन सोबती पुन्हा कधी त्यांच्याबरोबर डबा खायला बसले नाहीत. तीनही वेळा हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

मुलांना हा प्रसंग नको होता. वडिलांच्या गौरवाच्या पुस्तिकेत तो कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी वाद घातला नाही. काम ठरलेले होते, मानधन ठरलेले होते. मी लिहिले, ‘संपाच्या दिवसांत आम्ही सर्वांनी फार सोसले.’

छपाईपूर्वी मी त्यांना मजकूर वाचून दाखविला. त्यांनी डोळे मिटून सर्व ऐकले आणि म्हणाले, “लई छान लिवलं की मास्तर. पर ते सहा दिवस कुटं गेले?”

घरच्यांची इच्छा नाही, असे मी सांगितले. ते पुन्हा काही बोलले नाहीत. पुस्तिका निघाली. तिच्यावर माझे नाव नव्हते. मीच नको म्हटले होते आणि त्याला मी विनय समजत होतो. पुढे त्यांचे निधन झाले, तेव्हा स्मरणार्थ अर्पिलेल्या मिस्सेनंतर त्यांच्या नातवाने तीच पुस्तिका हाती घेऊन एक उतारा वाचला. ‘आम्ही सर्वांनी फार सोसले’, हे वाक्य मी माझ्या कानांनी, मामांचे म्हणून, भरल्या चर्चमध्ये ऐकले. ते ‘आम्ही’ त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे असत्य होते, आणि ते त्यांनी उच्चारलेले नव्हते. सहा दिवस ते त्या ‘आम्ही’त नव्हते; हेच तर ते मला तीनदा सांगत होते.

मिस्सेहून परतताना माझ्या ध्यानात आले, की माझे नाव पुस्तिकेवर असते, तर मी ते वाक्य लिहिण्यापूर्वी थबकलो असतो. निनावीपणाने मला नम्र केले नव्हते. त्याने मला बेजबाबदार केले होते.

८

येथे या लेखाचा मुद्दा मांडता येईल. सांगितलेल्या आत्मकथनावर लिहिणाऱ्याचे नाव असावे, ते श्रेयासाठी नव्हे. ती साक्षीदाराची सही आहे. आपल्या चर्चमध्ये विवाह होतो, तेव्हा नोंदवहीत दोन साक्षीदार सह्या करतात. विवाह त्यांचा नसतो, मिरवणूक त्यांची नसते. परंतु जे घडले ते आपल्या डोळ्यांदेखत घडले, याची हमी ते आपल्या नावाने देतात. शब्दांकनकाराची जागा नेमकी हीच आहे. सांगणाऱ्याने असे सांगितले आणि मी असे ऐकले, एवढेच तो आपल्या सहीने म्हणतो. सही नसलेली साक्ष खोटी असेलच असे नाही. पण ती तपासता येत नाही, आणि जी तपासता येत नाही ती हळूहळू सोयीची होत जाते.

मघाचा आठव्या आज्ञेचा प्रश्न या दृष्टीने सुटतो, असे वाटते. दुसऱ्याचा ‘मी’ लिहिणे ही खोटी साक्ष नव्हे. तर्तियसाने, बारूखाने, दा कामाराने तेच केले. दुसऱ्याच्या ‘मी’मध्ये आपली वाक्ये, कुटुंबाची सोय किंवा समारंभाची शोभा भरणे आणि मग तेथून पाय न वाजविता निघून जाणे, ही खोटी साक्ष.

याचा अर्थ सर्व काही छापलेच पाहिजे, असा मात्र नाही. मौनाचा अधिकार सांगणाऱ्याला आहे. इग्नेशियस यांनी आपले दोष छापू नका म्हटले असेल, तर ते त्यांचे मौन होय. आणि पापनिवेदन कक्षात जे उच्चारले जाते ते तर पुस्तकासाठी नसतेच. परंतु मौन सांगणाऱ्याचे असावे. मुलांचे, संपादकाचे किंवा लिहिणाऱ्याचे नव्हे. मामांना त्या सहा दिवसांविषयी मौन नको होते. त्यांना कोणीतरी ऐकावे, असे वाटत होते. कदाचित त्या दोन सोबत्यांपैकी कोणाच्या घरी ती पुस्तिका पोहोचेल, अशीही त्यांची आशा असेल. ती वाट मी बुजविली.

आपल्या घरांतील वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात, असे ज्या कुटुंबांना वाटते, त्यांनी ते अवश्य करावे. त्यात विलंबही करू नये. फक्त सांगणाऱ्याचे शब्द, ते कितीही ओबडधोबड असोत, शक्य तेथे तसेच राहू द्यावेत. छापण्यापूर्वी सर्व मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्यांनी काही विचारले, तर ती दुरुस्ती समजावी. टिपणांच्या वह्या टाकून देऊ नयेत. थेरेसाच्या वह्यांनी साठ वर्षांनी का होईना, तिचा स्वतःचा आवाज परत मिळवून दिला. आणि शेवटच्या पानावर, लहान अक्षरांत का असेना, लिहिणाऱ्याचे नाव घालावे.

मामांच्या टिपणांची वही माझ्यापाशी अजून आहे. ते सहा दिवस तीत आहेत, त्यांच्याच शब्दांत. त्यांच्या नातवाला हा लेख वाचायला देऊन ती वही त्याच्या हाती सोपविण्याचे मी ठरविले आहे. तिच्या पहिल्या पानावर, जे पुस्तिकेवर घालायचे राहून गेले, ते माझे नाव मी घातले आहे.